अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सचं एमएस किंवा पीएचडी: पदवीचा हिशोब पहिल्या आठवड्यापासून कसा ठेवायचा

मुंबई-पुण्याकडे इंजिनिअरिंग केलेल्यांना एक सवय लागलेली असते. विषय विद्यापीठ ठरवतं, वेळापत्रक लागतं, हॉल तिकीट हातात पडतं आणि आठ सेमिस्टर निघाली की पदवी मिळते. मधे एखादा विषय राहिला तर एटीकेटी आहेच. अमेरिकेत ही चौकट नसते. कुठले विषय घ्यायचे, किती, कुठल्या क्रमाने आणि कधीपर्यंत संपवायचे हे तुम्ही जुळवायचं. ते जुळत नसेल तर वेळेवर हटकणारं कोणी नसतं. पत्र येतं ते बहुधा चूक होऊन गेल्यावर.

त्यात आपल्याकडून जाणारे जवळजवळ सगळे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात. म्हणजे हिशोब एक नाही, दोन: पदवीचा आणि व्हिसाचा. पदवीच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचा असलेला निर्णय व्हिसाच्या दृष्टीने घातक ठरू शकतो, आणि विभागातल्या प्राध्यापकाला बहुतेक वेळा याची कल्पनाही नसते. पुढच्या पायऱ्या वाचताना हे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी ठेवा.

निघण्यापूर्वी: हँडबुक उतरवून घ्या

प्रत्येक विभागाचं एक ग्रॅज्युएट हँडबुक असतं आणि विद्यापीठाचा एक कॅटलॉग असतो. तुम्ही ज्या वर्षी दाखल झालात त्या वर्षीचे नियम तुम्हाला सहसा पदवी मिळेपर्यंत लागू राहतात. विभागाने पुढच्या वर्षी अटी बदलल्या तर जुन्या पाळायच्या की नव्या, हे निवडण्याची मुभाही अनेक ठिकाणी असते. म्हणून आपल्या वर्षाची पीडीएफ आजच स्वतःकडे जपून ठेवा. दोन वर्षांनी संकेतस्थळावर नवी प्रत असेल, आणि मग 'मी आलो तेव्हा असा नियम होता' हे दाखवायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

वरच्या वर्षाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अपार्टमेंट, रूममेट, प्रेशर कुकर यांची माहिती उत्तम मिळते. पदवीच्या नियमांसाठी मात्र तो ग्रुप वापरू नका. तिथलं उत्तर मनापासून दिलेलं असतं, पण ते उत्तर देणाऱ्याच्या वर्षाचं असतं.

जाण्याआधीच निपटता येतील अशा दोन अडचणी आहेत. पहिली कागदपत्रांची. प्रवेश देताना बहुतेक विद्यापीठं अट घालतात की अंतिम गुणपत्रिका आणि पदवी पूर्ण झाल्याचा दाखला पहिल्या सेमिस्टरमध्ये पोचला पाहिजे. आपल्याकडे निकाल लागतो जुलैत, आणि पदवी प्रमाणपत्र हातात पडतं दीक्षान्त समारंभानंतर. तो दाखला पोचला नाही की तुमच्या खात्यावर 'होल्ड' लागतो आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि सीलबंद ट्रान्स्क्रिप्टच्या दोन-तीन प्रती काढूनच निघा. तिकडे बसून आई-बाबांना परीक्षा विभागाच्या खिडकीवर पाठवणं कोणाच्याच सोयीचं नसतं. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या नोंदीमुळेही असाच होल्ड लागतो, तेव्हा लसीकरणाचा कागद डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह घ्या.

दुसरी अडचण आहे नावाची. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि कुठे वडिलांचं नाव मधे तर कुठे नाहीच. अमेरिकेत सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव चालवा. अगदी विभागाच्या पहिल्या अर्जापासून.

पहिला आठवडा: तीन वेगळी माणसं

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'ॲडव्हायजर' या एकाच शब्दाखाली तीन माणसं असतात, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामातलं फारच थोडं माहीत असतं.

पहिली व्यक्ती विभागाच्या कार्यालयातली: ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर किंवा अकॅडमिक ॲडव्हायजर. ही बहुधा प्राध्यापक नसते, पण नियम तिला तोंडपाठ असतात. कुठला विषय कुठल्या रकान्यात मोजला जाईल, कुठला अर्ज कोणाच्या सहीने जाईल, सगळं. विभागात सगळ्यात आधी ओळख करून घ्यावी अशी व्यक्ती माझ्या मते हीच, विभागप्रमुखापेक्षाही आधी.

दुसरे म्हणजे संशोधन मार्गदर्शक प्राध्यापक. थीसिस करणाऱ्यांना आणि पीएचडीवाल्यांनाच ते खऱ्या अर्थाने असतात. कोर्सवर्कवाल्या, म्हणजे थीसिसशिवाय नुसते विषय करणाऱ्या, एमएस विद्यार्थ्यांना नावापुरता एखादा फॅकल्टी ॲडव्हायजर नेमून दिलेला असतो.

तिसरा डीएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला अधिकारी. तुमची आय-२० (विद्यार्थी व्हिसाचा आधार असलेला विद्यापीठाचा कागद) आणि सेव्हिस या सरकारी प्रणालीतली तुमची नोंद त्याच्या हातात असते. प्राध्यापक प्रेमाने म्हणतात, "हा विषय जड जातोय ना, मग सोडून दे, पुढच्या सेमिस्टरला घे." शैक्षणिक सल्ला म्हणून हे बरोबर आहे. पण तो विषय सोडल्यावर तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी राहत नसाल, तर डीएसओची आगाऊ परवानगी नसताना तुमचा व्हिसा दर्जा मोडतो. म्हणून नियम सोपा ठेवा: नोंदणीत कोणताही बदल करण्याआधी कोऑर्डिनेटर आणि डीएसओ दोघांनाही ईमेल, आणि दोघांचं लेखी उत्तर आल्यावरच क्लिक. तोंडी मिळालेलं आश्वासन नंतर कुठेच दाखवता येत नाही.

जाता जाता आई-वडिलांसाठी: १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यार्थ्याचे गुण त्याच्या परवानगीशिवाय पालकांना सहसा सांगता येत नाहीत. फी तुम्ही भरत असलात तरी विभागाला फोन करून प्रगती विचारण्यात अर्थ नाही. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी अडचणीत असेल, तर ते घरी कळण्याचा एकच मार्ग उरतो, त्यांनी स्वतः सांगणं. तेव्हा ते सांगता येईल असं वातावरण ठेवा.

क्रेडिटचं कोष्टक

एमएससाठी साधारण ३० सेमिस्टर क्रेडिट लागतात. जॉर्जिया टेकला ३०, इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनच्या एमसीएसला (मास्टर ऑफ कॉम्प्युटर सायन्स) ३२. स्टॅनफर्डचा आकडा ४५ दिसतो, पण तिथे क्वार्टर पद्धत आहे, म्हणजे सत्रं सेमिस्टरपेक्षा लहान. दीड क्वार्टर युनिट म्हणजे अंदाजे एक सेमिस्टर क्रेडिट, तेव्हा ४५ आणि ३० एकच. दोन विद्यापीठांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर स्टॅनफर्डला दीडपट अभ्यास आहे असं वाटायचं.

एकूण आकडा गाठणं सोपं असतं. लोक अडकतात ते आतल्या अटींवर, आणि त्या साधारण अशा असतात:

ब्रेड्थ: सिस्टिम्स, थिअरी, एआय, ग्राफिक्स अशा वेगवेगळ्या गटांतले ठरावीक विषय घ्यावेच लागतात. मशीन लर्निंगचं वेड घेऊन आलेल्याला थिअरी किंवा ऑपरेटिंग सिस्टिम्स टाळता येत नाहीत, फक्त लांबवता येतात.

पातळी: एका क्रमांकाच्या वरचेच विषय ग्रॅज्युएट पातळीचे धरतात. सीनिअर अंडरग्रॅड विषय मोजतात, पण मर्यादेपर्यंतच.

विभागाबाहेरचे विषय: स्टॅटिस्टिक्स किंवा इलेक्ट्रिकलचे एक-दोन चालतात, तेही आगाऊ मंजुरीने.

पूरक विषय: बी.ई. ईअँडटीसी किंवा मेकॅनिकल करून कॉम्प्युटर सायन्सला आलेल्यांना डेटा स्ट्रक्चर्स, ऑटोमाटा, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन असे विषय 'लेव्हलिंग' म्हणून करायला लावतात. त्यांचे पैसे भरावे लागतात, गुणही लागतात, पण ३० क्रेडिटमध्ये ते सहसा धरत नाहीत. प्रवेशपत्रात याचा उल्लेख एखाद्याच ओळीत असतो. ती ओळ शोधा, कारण तिच्यामुळे पूर्ण एक सेमिस्टर आणि त्याची फी वाढू शकते. हे विषय बी.ई.ला केले असतील तर सविस्तर सिलॅबस दाखवून माफी मागता येते. आपल्या विद्यापीठाच्या सिलॅबसच्या पीडीएफ सोबत न्या.

बी.ई.मधले विषय एमएसच्या क्रेडिटमध्ये वळते होत नाहीत, कारण ते आधीच एका पदवीसाठी वापरून झालेले असतात.

आता एक स्प्रेडशीट उघडा. आडव्या ओळीत सेमिस्टर, उभ्यात अटी. प्रत्येक विषय कुठल्या अटीखाली बसतो ते लिहा. एक विषय दोन अटींत मोजता येतो का, हे कोऑर्डिनेटरला विचारा. विद्यापीठाच्या पोर्टलवर डिग्री ऑडिट नावाचा अहवाल काढता येतो, अनेक ठिकाणी त्याला डिग्रीवर्क्स म्हणतात. दर सेमिस्टरला तो काढून आपल्या शीटशी ताडून पाहा. फरक दिसला तर ऑडिट बरोबरच असेल असं गृहीत धरू नका. मंजूर झालेला एखादा बदली विषय त्यात चढवायचा राहून जातो, आणि तो चढवून घेणं तुमच्याच फायद्याचं.

विषय निवडताना तो कधी शिकवला जातो हेही बघा. काही महत्त्वाचे ग्रॅज्युएट विषय फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबर) असतात, काही वर्षाआड. चौथ्या सेमिस्टरसाठी राखून ठेवलेला एकमेव थिअरी विषय त्या स्प्रिंगला (जानेवारी ते मे) नसला, तर एका विषयासाठी अख्खा उन्हाळा अडकून पडावं लागतं.

पहिल्या सेमिस्टरला किती विषय?

पूर्णवेळ म्हणजे बहुतेक ठिकाणी ९ क्रेडिट, तीन विषय. ऐकायला फारच कमी वाटतं. आपल्याकडे पाच-सहा थिअरी आणि वर प्रॅक्टिकल असतात, म्हणून चार घेऊन लवकर संपवू असा बेत होतो. माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या सेमिस्टरला तीनच, आणि त्यांतही प्रोजेक्टचं ओझं असलेला एकच. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्ससारखा एक विषय आठवड्याचे वीस तास सहज खातो. इथे आदल्या रात्री वाचून पास होण्याची सोय नसते, कारण अंतिम परीक्षेला असलेलं वजन बरंच कमी असतं. दर आठवड्याच्या असाइनमेंट, दोन मिडटर्म आणि प्रोजेक्ट मिळून श्रेणी ठरते. दुसऱ्या आठवड्यात मागे पडलात तर ते बाराव्यात भरून निघत नाही.

कॅम्पसवर काम मिळालं तर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. डायनिंग हॉलचं काम धरून हे २० तास पूर्ण भरायचे आणि वर तीन जड विषय, हे गणित अनेकांचं पहिल्याच सेमिस्टरला कोलमडतं.

ऑनलाइन विषयाबद्दल: एफ-१ विद्यार्थ्याला पूर्णवेळाच्या हिशोबात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग, फार तर ३ क्रेडिट, धरता येतो. ९ क्रेडिटपैकी दोन विषय ऑनलाइन असतील तर कागदावर ९ दिसतील, पण व्हिसाच्या हिशोबात ६ च.

३.० चा उंबरठा

ग्रॅज्युएट शाळेत 'बी' म्हणजे जेमतेम. 'सी' ही श्रेणी कागदावर उत्तीर्ण दिसते, पण तो विषय पदवीत धरायचा की नाही यावर अनेक विभागांची बंधनं असतात, आणि कोअर विषयात तर बहुधा 'बी' लागतोच. एकूण जीपीए, म्हणजे श्रेणींची ४ पैकी सरासरी, ३.० च्या खाली गेला की प्रोबेशनचं, म्हणजे ताकीद देणारं, पत्र येतं.

आकड्यांत बघू. पहिल्या सेमिस्टरला बी, बी मायनस आणि सी मिळाले. म्हणजे ३.० + २.७ + २.० = ७.७, भागिले तीन, सरासरी २.५७. पुढच्या सेमिस्टरला तीन विषय घेऊन एकूण ३.० वर यायचं, तर सहा विषयांचे मिळून १८ गुण हवेत, म्हणजे आता १०.३ मिळवायला हवेत. दोन ए मायनस आणि एक बी मिळाले तर १०.४. जमण्यासारखं आहे. हेच संकट तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी आलं, तर भरून काढायला विषयच उरलेले नसतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरचे कमी गुण ही गंभीर गोष्ट असली तरी दुरुस्त होणारी आहे. तिसऱ्याचे तसे नाहीत.

इथे एक सापळा आहे. थीसिस, रिसर्च आणि सेमिनारची क्रेडिट्स अनेकदा 'समाधानकारक / असमाधानकारक' अशी मोजतात. ती क्रेडिट्स वाढवतात, जीपीए हलवत नाहीत. प्रोबेशनवर असताना ६ क्रेडिटचा रिसर्च घेतला, तर सरासरी सुधारायला एकच विषय हातात राहतो. आणि नापास झालेला विषय पुन्हा केल्यावर जुनी श्रेणी पुसली जाते की दोन्हींची सरासरी धरतात, हे विद्यापीठागणिक बदलतं. हँडबुकात बघा, गृहीत धरू नका.

प्रोबेशन म्हणजे हकालपट्टी नव्हे. सहसा एक किंवा दोन सत्रांची मुदत मिळते. पत्र आल्यावर खोलीत बसून राहणं मात्र परवडत नाही. कोऑर्डिनेटरकडे जाऊन पुढच्या दोन सत्रांची लेखी योजना करून घ्या. प्रोबेशन लागल्यावर टीए-आरएचं (शिकवण्यात किंवा संशोधनात साहाय्यकाचं) काम जातं का, सीपीटी (शिकत असताना इंटर्नशिपची परवानगी) अडतं का, हेही त्याच भेटीत विचारा. शिवाय आय-२० ची मुदत वाढवताना प्रोबेशन किंवा सस्पेन्शनमुळे झालेला उशीर हे मान्य कारण नाही, असं केंद्रीय नियमातच लिहिलेलं आहे. आजारपण चालतं, संशोधनाचा विषय बदलावा लागणं चालतं, कमी गुण चालत नाहीत.

कोड कॉपी करण्याबद्दल

आपल्याकडे जर्नल उतरवून काढणं आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी एकाची फाइल वर्गभर फिरणं यात कोणाला फारसं गैर वाटत नाही. परीक्षा वेगळी, सबमिशन वेगळं, अशी मनात विभागणी असते. अमेरिकेत ती विभागणी नाही, कारण श्रेणीच त्या असाइनमेंटवर मिळते. आणि पकडणं अवघड नसतं. मॉस ही कोडमधलं साम्य शोधणारी प्रणाली ॲलेक्स आयकन या प्राध्यापकांनी १९९४ मध्ये, बर्कलीत असताना, बनवली. व्हेरिएबलची नावं बदलणं, फंक्शन वरखाली करणं, लूपचा प्रकार बदलणं, याने ती सहसा फसत नाही. मागच्या वर्षांची सबमिशन्स आणि गिटहबवरची उत्तरंही प्राध्यापक तिच्यात घालून तपासतात.

देणारा आणि घेणारा दोघेही दोषी धरले जातात. रूममेटला 'फक्त बघायला' दिलेला कोड हा या प्रकरणांचा अगदी नेहमीचा उगम आहे. नाही म्हणायला जीव होत नाही, घरात एकत्र जेवतो, गावचा आहे वगैरे. तरी नाही म्हणा; बसून त्याला समजावून सांगा, फाइल देऊ नका. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल प्रत्येक विषयाचा नियम वेगळा असतो आणि तो सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो. एका विषयात चालतं म्हणून दुसऱ्यात चालेल असं नाही.

विषय सोडायची वेळ आली तर

सत्राच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय बदलला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही. त्यानंतर साधारण सत्राच्या मध्यापर्यंत सोडला तर 'डब्ल्यू' लागतो. जीपीएला त्याचा धक्का नसतो, फी मात्र बुडते. 'सी'पेक्षा एखादा डब्ल्यू केव्हाही बरा, पण पुन्हा तेच: उरलेली क्रेडिट्स पूर्णवेळाच्या खाली जाणार असतील तर आधी डीएसओ.

कमी क्रेडिटची परवानगी मोजक्याच कारणांसाठी मिळते. शैक्षणिक अडचण, म्हणजे भाषेची किंवा शिकवण्याच्या पद्धतीची नवलाई, या कारणाने ती एका पदवी-पातळीवर एकदाच, आणि तेव्हाही किमान निम्मा भार घ्यावा लागतो. आजारपणासाठी डॉक्टरांच्या कागदावर, एकूण १२ महिन्यांपर्यंत. त्यात मानसिक आजारही येतात. याबद्दल आपल्या मुलांना फार संकोच असतो आणि ती परवानगी न मागताच वर्गाला जायचं थांबवतात. परिणाम उलटा होतो. परवानगी घेऊन शिक्षण थांबवलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात आणि परत येण्याचा मार्ग खुला राहतो. नियम मोडून दर्जा गेला तर एक दिवसही नाही.

थीसिस, प्रोजेक्ट की नुसता कोर्सवर्क?

नोकरीच हवी असेल तर कोर्सवर्क. पुढे पीएचडीचा विचार असेल तर थीसिस. एवढं सरळ आहे, आणि मधल्या प्रोजेक्ट पर्यायाबद्दल फार डोकं शिणवू नये. थीसिस निवडणाऱ्याने दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला मार्गदर्शक पक्का केलेला असावा. प्राध्यापकाचा विषय करून त्यात 'ए' मिळवणं आणि ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळी) त्याच्या पेपरवर नीट प्रश्न विचारणं, हे शंभर जणांना एकच ईमेल पाठवण्यापेक्षा कितीतरी फलदायी. थीसिस लांबली तर आय-२० ची मुदत संपण्याआधीच वाढ मागावी लागते. मुदत उलटल्यावर डीएसओही ती वाढवू शकत नाही.

इंटर्नशिप

पूर्ण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर सीपीटीवर बाहेर काम करता येतं. ते तुमच्या अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, म्हणून बहुतेक विभाग एक क्रेडिटच्या इंटर्नशिप विषयाची नोंदणी करायला लावतात. ते क्रेडिट ३० मध्ये मोजतात की वरचं, हे विचारून घ्या. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक केलं तर त्या पातळीवरचं ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, जातं. ऑफर लेटर आलं म्हणून काम सुरू करू नका. आय-२० वर सीपीटीची नोंद आणि तारीख आल्यावरच पहिला दिवस.

पीएचडीवाल्यांसाठी

पीएचडीत विषयांचा भाग लवकर संपतो. खरी प्रगती टप्प्यांनी मोजतात, आणि त्या टप्प्यांची नावं विद्यापीठागणिक उलटीपालटी असतात. इलिनॉयला आधी क्वालिफाइंग, मग प्रिलिमिनरी, जी मुळात प्रबंधाच्या प्रस्तावाची परीक्षा असते, आणि मग फायनल. बर्कलीत आधी प्रिलिम आणि नंतर क्वालिफाइंग. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राने "माझं प्रिलिम झालं" म्हटलं तर घाबरायचं की नाही हे आधी त्याचं विद्यापीठ बघून ठरवा. एमआयटीच्या ईईसीएस (इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर सायन्स) विभागात पहिला टप्पा ठरावीक गटांतल्या चार विषयांतल्या श्रेणींवर आणि दुसरा स्वतःच्या संशोधनाच्या सादरीकरणावर असतो. एकाच दिवशी घेतलेली मोठी लेखी परीक्षा हे चित्र बऱ्याच विभागांत मागे पडलं आहे.

वर्षातून किमान एकदा तुमच्या प्रगतीचा आढावा होतो. कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात दर सत्राच्या शेवटी सगळे प्राध्यापक बसून एकेका पीएचडी विद्यार्थ्याची चर्चा करतात. विद्यार्थी त्या दिवसाला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. नंतर पत्र येतं. नाव भीतिदायक असलं तरी पद्धत चांगली आहे, कारण दोन-तीन वर्षं कोणाच्याच लक्षात न येता रेंगाळणं त्यात शक्य होत नाही. तुमच्या विभागात असं काही नसेल तर दर सत्राच्या शेवटी मार्गदर्शकाला एक पान स्वतःहून पाठवा: काय झालं, काय अडलं, पुढच्या सहा महिन्यांत काय. उत्तर लेखी मागा. पुढे मतभेद झाले तर हाच कागद कामी येतो.

फंडिंग 'समाधानकारक प्रगती'च्या अटीवर असतं. टीए-आरएची अर्धवेळ नेमणूक म्हणजे आठवड्याला २० तास, त्याबदल्यात ट्युशन माफी आणि स्टायपेंड. तेव्हा क्वालिफाइंगची मुदत चुकली तर फक्त अभ्यास लांबत नाही, पगारही धोक्यात येतो. मार्गदर्शकाशी पटत नसेल तर बदलता येतो. पहिल्या दोन वर्षांत बदललेला कोणी फारसं लक्षातही ठेवत नाही, चौथ्या वर्षी बदलणं मात्र महागात पडतं. आधी ग्रॅज्युएट डायरेक्टरशी बोला, नव्या प्राध्यापकाचा होकार मिळवा आणि मगच जुन्याला सांगा.

वाटेत एमएसच्या अटी पूर्ण होत असतील तर ती पदवी घेऊन ठेवा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप मिळत नाही. पीएचडी अर्धवट सोडावी लागली तर रिकाम्या हाताने निघावं लागत नाही.

समितीतले सदस्य वेळेत ठरवा, त्यांतला एक बहुधा विभागाबाहेरचा लागतो. चार-पाच प्राध्यापकांची एकच मोकळी दुपार शोधणं हे प्रबंध लिहिण्याइतकंच चिकाटीचं काम आहे.

व्हिसाच्या बाजूने: ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने विद्यार्थ्यांचा मुक्काम अभ्यासक्रम संपेपर्यंत असा न ठेवता जास्तीत जास्त चार वर्षांच्या ठरावीक मुदतीचा करण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. पीएचडी पाच-सहा वर्षं चालते, तेव्हा याची ताजी स्थिती दर सत्राला डीएसओकडून समजून घ्या.

शेवटचं सेमिस्टर

पदवीसाठी अर्ज करावा लागतो. क्रेडिट पूर्ण झाली म्हणून पदवी घरी येत नाही. या अर्जाची मुदत अनेकदा सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच संपते, आणि ती चुकली तर पदवीची तारीख एक सत्र पुढे जाते.

शेवटच्या सत्रात एकच विषय उरला असेल तर पूर्णवेळाची अट शिथिल होते, पण परवानगी घ्यावीच लागते आणि तो एकमेव विषय ऑनलाइन चालत नाही. म्हणून शेवटी प्रत्यक्ष वर्गातला विषय ठेवा.

थीसिस आणि प्रबंधवाल्यांनी लक्षात घ्यावं की डिफेन्स (समितीपुढची तोंडी परीक्षा) म्हणजे शेवट नव्हे. समितीने सांगितलेल्या दुरुस्त्या, मग ग्रॅज्युएट स्कूलची मांडणी-तपासणी, मग अंतिम प्रत जमा करणं. समास आणि पानांचे क्रमांक चुकले म्हणून प्रत परत येते, हे विनोदाने सांगत नाही. जमा करायच्या मुदतीआधी किमान तीन आठवडे डिफेन्स ठेवा.

ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, आणि डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो पोचला पाहिजे. १२ महिने ओपीटी आणि अटी जुळल्या तर २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची) वाढ. त्यासाठी आय-२० वरचा अभ्यासक्रमाचा कोड बघून ठेवा, कॉम्प्युटर सायन्सचा ११.०७०१ असतो. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही.

पदवी हातात आल्यावर

ट्रान्स्क्रिप्टवर पदवी प्रदान झाल्याची तारीख चढली आहे का ते तपासा आणि दोन-तीन अधिकृत प्रती लगेच काढा. विद्यापीठाचं ईमेल खातं काही महिन्यांनी बंद होऊ शकतं, तेव्हा मंजुरीचे सगळे ईमेल उतरवून घ्या. भारतात परतून प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर परदेशी पदवीला समकक्षता लागते. पूर्वी त्यासाठी एआययूकडे (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज) जावं लागे. २०२५ मध्ये यूजीसीने स्वतंत्र नियमावली आणली आहे. तुम्ही केलेल्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस त्या वर्षीच्या प्रतीसह जपा, कारण विषयांची पानं प्राध्यापक बदलला की संकेतस्थळावरून नाहीशी होतात.